अंगाजोगे वस्त्र



वसंतातल्या या व्याख्यानांना श्रोते येतात ते संतांविषयी, शेतीविषयी, राज्यकारभाराविषयी काही ऐकावे म्हणून. तेथे आम्ही आज लुगड्याचा विषय घेऊन उभे राहिलो आहोत, याचे कोणाला नवल वाटेल. पुरुष श्रोत्यांनी मात्र हा विषय आपला नव्हे असे समजून उठू नये. या कथेत विणकर, शिंपी, चित्रकार आणि एक थोर नट असे पुरुषच पुष्कळ भेटणार आहेत. शिवाय ज्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधणार आहोत तो आज घरोघरच्या मुलींच्या मनात आहे. कमरेखाली अंग रुंद आणि वर सडसडीत अशी ठेवण असलेल्या स्त्रीने काय नेसावे, काय घालावे?

अशा अंगयष्टीला इंग्रजी फॅशनच्या पुस्तकांत नासपतीची उपमा देतात. नासपती आमच्या बालाघाटावर पिकत नाही. आम्हांला विचाराल तर आम्ही तंबोऱ्याची उपमा देऊ. मिरजेचा कारागीर खाली भरीव गोलाईचा भोपळा आणि वर सरळ दांडी जोडतो, तेव्हा त्या भोपळ्याची रुंदी कोणाला दोष वाटत नाही; नाद तेथूनच निघतो. उपमा बदलली की दृष्टी बदलते. आणि दृष्टी बदलली की वस्त्र निवडण्याची रीतही बदलते, हेच आमचे आजचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी थोडे मागे, दोन हजार वर्षे मागे, जावे लागेल.

मागे जायला फार लांबचा प्रवास नको. आपल्या याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकरी त्याला ओळखतात; इतिहासाला ते तगर या नावाने ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराचे टिपण लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगराहून गाड्या भरून, आडवाटांनी, पुष्कळसे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे भडोचला जातात, हेही तो नमूद करतो. म्हणजे ज्या काळी रोमच्या श्रीमंत स्त्रिया हिंदुस्थानी मलमलीवर लुब्ध होत्या, त्या काळी त्या व्यापारात आमच्या या कोरडवाहू मुलखाचा वाटा होता. वस्त्राचा विषय वाशीच्या व्यासपीठावर परका नाही, तो असा.

त्या काळच्या स्त्रीची आकृती कशी होती, किंवा कशी असावी असे लोकांना वाटे, हेही तेरच सांगते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून तेथे आज शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यात पांढऱ्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या सुबक मूर्ती आहेत, आणि तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. तिच्या जातीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ती मूर्ती त्याआधीच दक्षिणेतून किंवा मध्य हिंदुस्थानातून तेथे पोचलेली असणार. त्या मूर्तीचे नितंब भरलेले, कंबर बारीक, आणि कमरेच्या खाली जेथे अंग सर्वांत रुंद होते तेथेच मेखलेचे पदरावर पदर. आजची मुलगी ज्या ठिकाणावरून लोकांची नजर हटावी म्हणून धडपडते, नेमक्या त्याच ठिकाणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने दागिना चढविला आहे.

ही एका मूर्तीची लहर नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची जोडपी पाहावीत, अजिंठ्याच्या पहिल्या आणि सतराव्या लेण्यांतील राण्या आणि दासी पाहाव्यात; सर्वत्र हाच घाट. संस्कृतात नितंबिनी हा शब्द सुंदर स्त्रीचा वाचक झाला, आणि कालिदासाने यक्षपत्नीचे वर्णन करताना तिच्या संथ चालीचे कारण म्हणून नितंबांचा भारच सांगितला. कवी, शिल्पी आणि चित्रकार यांचे शतकानुशतके ज्या गोष्टीवर एकमत होते ती गोष्ट आज व्यंग ठरावी, हे काळाचे मोठेच उलटफेर होत. यावरून जुने ते सारे सोने असे आम्हांला म्हणावयाचे नाही. त्या कवींनी सडपातळ स्त्रीवर, कृश स्त्रीवर अन्यायच केला असेल. एवढेच ध्यानात घ्यावे की सौंदर्याचे माप हे ज्वारीच्या मापासारखे सरकारी शिक्क्याचे नसते. ते पिढ्यापिढ्यांनी बदलत आलेले आहे.

आता वस्त्राकडे वळू. त्या काळी अंतरीय, उत्तरीय आणि कायबंध अशी तीन वस्त्रे असत. अंतरीय कमरेभोवती, उत्तरीय खांद्यावर, आणि कायबंध म्हणजे कमरेचा पट्टा. कात्रीचे काम फारसे नाही. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली हिंदुस्थानी वेशभूषेवर इंग्रजीत आणि डॉ. मोतीचंद्र यांनी त्याच सुमारास हिंदीत जे ग्रंथ लिहिले, त्यांतून ही परंपरा तपशिलाने पाहावयास मिळते. पायांमधून काढून मागे खोवलेले अंतरीय स्त्रिया आणि पुरुष दोघेही नेसत. मराठी पुरुषाचे धोतर आणि मराठी स्त्रीचे लुगडे ही अशी सख्खी भावंडे आहेत. इतर अनेक प्रांतांत स्त्रीने कासोटा सोडला. महाराष्ट्राने तो विसाव्या शतकापर्यंत धरून ठेवला.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, अठरा हात, आजच्या मापात सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. मीटर येऊन कितीतरी वर्षे झाली, तरी नऊवारीचे नाव कोणी बदलले नाही. या एवढ्या कापडाला गुंडी नाही, बंद नाही, आत परकर नाही. कमरेला एक गाठ, तिच्या आधाराने समोर निऱ्या, मधला भाग पायांतून मागे नेऊन कासोटा, आणि उरलेला पदर अंगावरून खांद्यावर किंवा डोक्यावर. ही रचना एखाद्या स्थापत्यविशारदाने पाहावी अशी आहे. सारा भार कमरेच्या गाठीवर पेलला जातो. कंबर जेवढी बारीक आणि नितंब जेवढे भरदार, तेवढे लुगडे पक्के बसते. ते खाली घसरत नाही. म्हणजे ज्या ठेवणीला आज दुकानात कपडा मिळत नाही असे म्हणतात, ती ठेवण या वस्त्राने आधार म्हणूनच गृहीत धरलेली आहे.

दुसरी गोष्ट काठांची. नऊवारी नेसल्यावर दोन्ही काठ मागच्या बाजूस मधोमध एकत्र येतात आणि कासोट्याची एक उभी रेघ तयार होते. रुंद पृष्ठभागावर उभी रेघ ओढली की त्याचे दोन भाग होतात आणि डोळा रुंदीऐवजी उंचीकडे जातो, हे चित्रकलेच्या पहिल्या इयत्तेतले तत्त्व आहे. ते आमच्या आजीपणजींना कोणी शिकविले नव्हते. पण काठ मधोमध आला नाही, वाकडा गेला, तर ते नेसणे गबाळे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तिसरी गोष्ट चोळीची. चोळीचा खण गुळेदगुडचा, भडक रंगाचा, काठ बाह्यांवर आलेला. लुगडे इरकली, गर्द रंगाचे. खाली गडद, वर उजळ. खाली शांत, वर नक्षी. नजर आपोआप चेहऱ्याकडे आणि हातांकडे जाते. काळी चंद्रकळा संक्रांतीच्या थंडीत उबेसाठी नेसतात असे म्हणतात. पण ती कोणत्याही अंगाला शोभते याचे कारण तिच्या काळ्या रंगात आहे. काळा रंग अंगाच्या कडा पुसट करतो, आणि लाल काठ त्या काळेपणाला मर्यादा घालतो.

चौथी गोष्ट कामाची, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. बालाघाटच्या माळावर ज्वारीची काढणी करणाऱ्या बाईला दोन्ही पाय मोकळे लागतात. लुगडे गुडघ्यापर्यंत ओढून कासोटा घट्ट मारला की ती वाकते, उकिडवी बसते, बांध ओलांडते, डोक्यावर पेंढी घेऊन चालते. वस्त्र सुटत नाही. तेच लुगडे सणाला घोट्यापर्यंत सोडून, निऱ्या नीट लावून नेसले की ते लक्ष्मीपूजनाला चालते. बाळंतपणानंतर अंग सुटले तरी तेच, आणि म्हातारपणी अंग आटले तरी तेच. मधोमध विरले तर तेवढा भाग कापून दंड घालावयाचा. आणि अगदीच जीर्ण झाले की त्याची गोधडी. स्त्रीच्या देहात आयुष्यभर जे बदल होतात ते सारे पोटात घेणारे दुसरे वस्त्र आम्हांला माहीत नाही.

या मुलखात एकच वस्त्र होते असेही नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादी मुसलमान घराण्यांत खडा दुपट्टा होता, तर तांड्यावरच्या लमाण स्त्रियांचा घागरा आणि कांचळी आजही कोठे कोठे दिसते. लमाणी घागऱ्याची करामत निराळी. कमरेशी चुण्या, आणि तेथून खाली घेर वाढत जाऊन तळाशी सर्वांत रुंद. अंग कोठे रुंद आहे हे त्या घेरात कळतच नाही. आणि आरशांची कलाकुसर कांचळीवर व ओढणीवर असल्यामुळे नजर वर राहते. शहरातल्या दुकानांत आज ‘ए लाइन’ म्हणून जो घेरदार झगा विकतात, त्याचे तत्त्व तांड्यावरच्या आजीबाईला कधीचेच अवगत आहे.

मग हे सारे बदलले कसे? एकाएकी बदलले नाही. १८५४ साली मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला. १८७७ साली सोलापूरची पहिली गिरणी, जिला लोक जुनी मिल म्हणत, सुरू झाली. गिरणीच्या कापडाबरोबर तयार परकर, पोलकी, झंपर यांची चाल वाढली. तिकडे १८६४ साली सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी सनदी अधिकारी मुंबई इलाख्यात नेमले गेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली, तिच्यात आपल्या सोयीने फेरबदल केले, आणि आत परकर व पोलके घालून नेसण्याची ती रीत बंगालमध्ये नेली. बंगाल्यांनी तिला ‘बोंबाई दस्तूर’ म्हटले. आज सबंध हिंदुस्थानात जी सहावारी दिसते तिच्या पूर्वजांपैकी एक ही. गंमत अशी की मुंबईच्या नावाने ती बंगालभर गाजत असताना मुंबईतील मराठी स्त्री आपल्या नऊवारीतच होती.

त्या नऊवारीला सर्व देशात प्रतिष्ठा मिळाली ती एका मल्याळी चित्रकारामुळे. राजा रविवर्मा यांनी पौराणिक नायिकांना कोणता वेष द्यावा याचा शोध घेत देशभर प्रवास केला, आणि त्यांच्या कितीतरी नायिका मराठी धाटणीच्या लुगड्यात अवतरल्या. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या तसबिरी घराघरांतल्या भिंतींवर चढल्या. रविवर्म्याच्या स्त्रिया कृश नाहीत. त्या भरलेल्या अंगाच्या, स्थिर बसलेल्या किंवा शांत उभ्या आहेत, आणि त्यांच्या निऱ्यांचा भार चित्राच्या तळाशी एखाद्या पायथ्यासारखा पसरलेला असतो. त्यांच्यानंतर म. वि. धुरंधर यांनी मराठी मुलखातल्या नाना थरांतल्या स्त्रिया चितारल्या. घाटावरची, किनाऱ्यावरची, विकणारी, पाणी भरणारी, प्रत्येकीचे लुगडे वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या डौलात. एकच कापड, पण नेसण्याने जात, गाव, काम आणि वय ओळखू यावे, असा तो काळ होता. ही ओळख सर्वांनाच सुखाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. लुगडे कोणी किती लांब सोडावे, पदर कोठून घ्यावा, यांवर घराची आणि जातीची करडी नजर असे. विधवेला तर लाल आलवणाखेरीज रंगच नव्हता. जुन्या वस्त्राचे गुण गाताना हा जाच विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आणि आता तो थोर नट. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. १८८८ साली जन्मलेल्या या पुरुषाने ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ या नाटकांतून मराठी स्त्रीला नेसायला शिकविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. त्यांचे शालू, त्यांच्या पैठण्या, त्यांची नथ, त्यांनी घातलेला गजरा यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. बालगंधर्वांचे अंग पुढे चांगले भरले होते, तरी रंगभूमीवर त्यांच्या रुक्मिणीच्या डौलाची वाखाणणी थांबली नाही. आम्हांला यातून एक गोष्ट उमगते. ज्याचा देह मुळात स्त्रीचाच नव्हता, त्याने केवळ नेसण्याच्या, चालण्याच्या आणि उभे राहण्याच्या कौशल्यावर एका पिढीचा सौंदर्याचा आदर्श निर्माण केला. मग ज्या स्त्रीला तो देह निसर्गानेच दिला आहे तिने दोन इंच कमीजास्त म्हणून स्वतःला कमी का लेखावे?

सहावारीची चाल मराठी घरांत शिरली ती मुख्यतः १९२० ते १९५० या काळात. मुली शाळा-कॉलेजांत जाऊ लागल्या, नोकऱ्या करू लागल्या. गोल पातळ नेसायला सोपे, धुवायला आणि वाळवायला हलके. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले; तेव्हा नऊ वारांपेक्षा सहा वारांत भागवणे सोयीचे झाले. जुन्या मंडळींनी ‘गोल नेसणे’ म्हणजे धर्म बुडणे असा गहजब केला. सोवळ्यात, पूजेत, लग्नात नऊवारीच हवी असा आग्रह धरला. तो आग्रह लग्नापुरता अजून टिकून आहे, पण आता पुष्कळदा शिंप्याकडून विजारीसारखी शिवून आणलेल्या नऊवारीवर भागते. सहावारीने मुलींना बाहेरचे जग दिले, याबद्दल आम्ही तिचे आभारच मानू. पण दोन गोष्टी त्या बदलात हरवल्या. मागची उभी रेघ गेली, आणि कमरेच्या गाठीवर बसणारे वस्त्र परकराच्या नाडीवर टांगले गेले. रुंद अंगावरून गोल फिरणारा आडवा काठ आता रुंदी मोजून दाखवू लागला.

त्यानंतरची पायरी तयार कपड्यांची. लुगडे देहाचे माप घेत नाही. तयार कपडा मात्र आधी माप ठरवून मग देह शोधतो. हे माप आले कोठून? अमेरिकेत १९३९-४० साली सरकारने सुमारे पंधरा हजार स्त्रियांच्या अंगाची मापे घेतली आणि १९४१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत अखेर गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली होती. त्यांच्या आधारावर १९५८ साली तेथे तयार कपड्यांची प्रमाण मापे ठरली. आपल्याकडचे तयार कपडे वर्षानुवर्षे अशाच परकीय मापांच्या कोष्टकांवर शिवले गेले. हिंदुस्थानी स्त्रीपुरुषांची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत म्हणून सहा शहरांत पंचवीस हजार माणसे मोजण्याची योजना केंद्र सरकारने २०१८ साली जाहीर केली, तोवर ही गरज कोणाला वाटली नव्हती असे नाही, पण काम झाले नव्हते. तेव्हा तालुक्याच्या गावातील एखाद्या मुलीला दुकानातली विजार कमरेला सैल आणि खाली घट्ट होते, यात तिच्या अंगाचा काही अपराध नाही. चूक कोष्टकाची आहे. शिक्षा ती भोगते.

पश्चिमेकडे तरी एकच आदर्श टिकला काय? मुळीच नाही. अठराव्या शतकात युरोपातल्या सरदारस्त्रिया झग्याखाली दोन्ही बाजूंना सांगाडे बांधून नितंब रुंद दाखवीत. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा पिंजरा आला. पुढे पाठीमागे उशी बांधण्याची फॅशन निघाली. १९२० नंतर सारे सपाट आणि सरळ झाले. मग १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ख्रिस्तियाँ दिऑर याने बारीक कमरेचा आणि भरपूर घेराचा झगा दाखविला आणि पुन्हा रुंद नितंबांचे दिवस आले. त्याच वर्षी, त्याच फ्रान्समध्ये, मार्सेय येथील डॉक्टर झाँ व्हाग यांनी अंगावरील चरबी कोठे साठते यावर लिहिले. पोटावर साठलेली चरबी मधुमेहाला आणि हृदयविकाराला अधिक जवळची, नितंबांवर आणि मांड्यांवर साठलेली तितकी घातक नव्हे, या विचाराची सुरुवात तेथून झाली, आणि पुढच्या संशोधनाने तो पुष्कळ अंशी खरा ठरविला. म्हणजे ज्या ठेवणीची मुलींना लाज वाटते तिच्याबद्दल वैद्याची तक्रार त्या मानाने कमी आहे.

एवढा इतिहास ऐकल्यावर एखादी भगिनी विचारील, ‘हे सारे ठीक, पण उद्या बाजारात जाऊन मी घेऊ काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि इतिहासाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

पहिला नियम तंतूचा. कापड अंगावरून खाली पडणारे असावे, अंगापासून दूर उभे राहणारे नसावे. धुऊन मऊ झालेले सुती, तलम रेशीम, जॉर्जेट ही कापडे पडतात. कडक खळीचे नवे पातळ आणि ऑर्गंडी उभी राहतात आणि नसलेली रुंदी वाढवितात. दुसरा नियम रेघेचा. नऊवारीच्या कासोट्याने जे साधले ते सहावारीत निऱ्यांनी साधावे. निऱ्या थोड्या, सारख्या रुंदीच्या, चापून बसविलेल्या, आणि पदर मोकळा लांब सोडलेला असला की उभ्या रेघा आपोआप तयार होतात. तळाचा काठ फार रुंद आणि भडक नसावा. तिसरा नियम तोलाचा. खाली गडद व शांत, वर उजळ व नक्षीदार. खणाचे पोलके, कोपरापर्यंत काठाची बाही, रुंद गळा, यांनी खांद्यांना रुंदी येते आणि खालच्या रुंदीशी त्यांचा तोल जमतो. चौथा नियम परकराचा, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. परकर कमरेशी चुण्यांचा ढीग करणारा नसावा. कळ्यांचा, वर बेताचा आणि खाली घेर असलेला असावा, आणि नाडीची गाठ समोर न घेता बाजूला घ्यावी.

सलवार-कमीज घालणाऱ्या मुलींसाठी आणखी दोन गोष्टी. कमीज जेथे संपते तेथे डोळा थांबतो. म्हणून अंग जेथे सर्वांत रुंद आहे तेथे ते संपू नये, त्याच्या बरेच खाली यावे. आणि माप नेहमी रुंद भागाचे घेऊन कपडा निवडावा, कंबर शिंप्याकडून आत घ्यावी. कमरेच्या मापाने घेतलेला कपडा खाली ताणला जातो, आणि ताणलेल्या कापडाइतके दुसरे काहीही अंगाला जाड दाखवीत नाही. गावातल्या शिंप्याचे मोल येथे कळते. मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानात जी सोय पैसे मोजूनही मिळत नाही, ती त्याच्या गळ्यातल्या फितीत आहे. तो प्रत्यक्ष त्या बाईचेच माप घेतो. दूरदेशीच्या पंधरा हजार अनोळखी बायकांचे नाही.

हे नियम सांगितले, पण त्यांना आम्ही स्मृतिवचनांचा मान देणार नाही. एखादीला रुंद काठाची पैठणी आवडते, तिने ती खुशाल नेसावी. पैठणीचा काठ झाकायला विणलेलाच नसतो. वस्त्राचे पहिले काम देहाला ऊन, थंडी आणि संकोच यांपासून वाचविण्याचे आहे. जे वस्त्र घातल्याने संकोच वाढतो ते कितीही महाग असले तरी आपल्या कामाला चुकलेले आहे.

तुळजापूरला भवानीला लुगडे-चोळी नेणाऱ्या बाया आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. देवीला वस्त्र नेताना माप कोणी विचारीत नाही. लुगडे कोणालाही होते, ही खात्री त्या वाहण्यामागे असते. सासरी निघालेल्या लेकीला, बाळंतिणीला, घरी आलेल्या माहेरवाशिणीला खण-लुगडे देताना हीच खात्री असते. घेणारीने आधी अंग कमी करून यावे, अशी अट त्यात नाही. आमच्या पूर्वजांनी स्त्रीवर पुष्कळ अटी लादल्या. ही एक मात्र लादली नाही. ती आपण आज नव्याने लादू नये, आपल्या लेकीसुनांनी आरशापुढे उभे राहून ती स्वतःवर लादून घेऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.